मका, ज्वारी आणि घरची बिअर

बिअर म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे युरोप उभा राहतो. सोनेरी, नितळ आणि फेसाळ असे ते पेय. जवापासून, म्हणजेच बार्लीपासून ते करावयाचे आणि हॉप नावाच्या वेलीच्या कडवट फुलांनी ते टिकवावयाचे, असा आपला समज असतो. हा समज चुकीचा नाही, पण अपुरा आहे. जगाच्या फार मोठ्या भागात बिअर जवाची नसते. ती ज्वारीची असते, नाचणीची असते, बाजरीची असते. ती दिसायला गढूळ, अंगाने दाट आणि चवीला आंबट असते; आणि ती कारखान्यात नव्हे, तर घरातल्या बाईच्या हातून चुलीवर तयार होत आलेली आहे. दक्षिण आफ्रिकेतील अशाच एका बिअरचा विचार आम्ही येथे करणार आहोत. मका आणि ज्वारी अशा दोन धान्यांच्या मिश्रणातून ती होते. खोसा भाषेत तिला उमकोंबोथी म्हणतात, तर झुलू भाषेत उत्श्वाला.

कोणी विचारील, की ज्ञानसत्राच्या मांडवात मद्याचा विषय कशासाठी? शंका रास्त आहे. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही, आणि दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या समाजाने पुरेशी पाहिली आहेत. परंतु एखाद्या समाजाचे शहाणपण ग्रंथांइतकेच त्याच्या भांड्याकुंड्यांतही साठलेले असते. या एका हंड्यात रसायनशास्त्र आहे, स्त्रियांची उपजीविका आहे, आणि एका राज्ययंत्रणेने त्या दोहोंवर कसा हात घातला याचा इतिहासही आहे. तो समजून घेण्यासाठी पेय चाखण्याची गरज नाही.

धान्यांचा प्रवास

प्रथम धान्यांची ओळख करून घेऊ. ज्वारी आपल्याला इतकी घरची वाटते, की ती मूळची परकी असेल हे मनाला पटत नाही. सोलापूरची मालदांडी म्हणजे महाराष्ट्राची भाकरी! पण वनस्पतिशास्त्रज्ञांचा निर्वाळा असा, की ज्वारी प्रथम लागवडीखाली आली ती आफ्रिकेत, सुदानच्या परिसरात. नाचणीचे माहेर इथिओपिया व युगांडाकडील उंच प्रदेश, तर बाजरीचे पश्चिम आफ्रिकेतील सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा पट्टा. ही तिन्ही धान्ये हजारो वर्षांपूर्वी समुद्रमार्गे व खुष्कीच्या मार्गाने भारतात आली आणि दख्खनच्या कोरडवाहू जमिनीत अशी रुजली, की आपण त्यांचे परकेपण पार विसरलो.

मक्याची कथा याहून वेगळी. तो अमेरिकेचा. पोर्तुगीज दर्यावर्दींच्या काळात, सोळाव्या शतकानंतर, तो आफ्रिकेत पसरला. ज्वारीच्या उघड्या कणसावर पाखरांची धाड पडते; मक्याचे कणीस पानांच्या आवरणात झाकलेले असते. पाऊस बरा असेल तर मका उत्पन्नही अधिक देतो. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेत हळूहळू मका हे रोजच्या जेवणाचे धान्य झाले आणि ज्वारी मागे पडली. मात्र ती नाहीशी झाली नाही. बिअरच्या हंड्यात तिची जागा कायम राहिली. याला केवळ परंपरेचा अभिमान कारण नव्हता. ज्वारीकडे असे एक काम होते, जे मक्याकडून तितकेसे होत नव्हते.

मोड आलेल्या दाण्याची किमया

ते काम समजण्यासाठी आपल्याच स्वयंपाकघरात डोकावले तरी पुरे. लहान मुलांसाठी नाचणीचे सत्त्व करतात ते कसे? नाचणी भिजवावयाची, फडक्यात बांधून मोड आणावयाचे, मग सावलीत वाळवून दळावयाची. साध्या नाचणीच्या पिठाची पेज चटकन घट्ट होते. मोड आलेल्या नाचणीची पातळ राहते आणि किंचित गोडसर लागते. असे का होते?

धान्याच्या दाण्यात स्टार्च, म्हणजे पिष्ट साठवलेले असते. ती बाळरोपाची शिदोरी होय. पण पिष्ट जसेच्या तसे रोपाला वापरता येत नाही. त्याची साखर व्हावी लागते. म्हणून दाण्याला ओल मिळून अंकुर फुटू लागला, की दाणा स्वतःच काही पाचक द्रव्ये निर्माण करतो. ती पिष्टाच्या लांबच लांब साखळ्या तोडून त्यांची साखर करतात. 1833 साली पायें आणि पेर्सो या दोन फ्रेंच रसायनज्ञांनी मोड आलेल्या जवातून असे द्रव्य वेगळे केले आणि त्याला डायास्टेज हे नाव दिले. आज ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो, त्यांच्या शोधाचा आरंभ येथून झाला. मोड आणून वाळवलेल्या धान्यालाच माल्ट म्हणतात. तेव्हा नाचणीचे सत्त्व हेही एक माल्टच! आपल्या आज्यांनी त्याची पेज केली. आफ्रिकेतल्या आज्यांनी त्याच ज्ञानाची पुढची पायरी गाठली, एवढाच काय तो फरक.

पुढची पायरी म्हणजे यीस्ट. यीस्ट हा एकपेशीय जीव साखर खातो आणि मद्यार्क व कार्बन डायॉक्साइड वायू बाहेर टाकतो. पण त्याला पिष्ट पचत नाही. द्राक्षात साखर आयतीच असते, म्हणून वाइन करणे सोपे. धान्यापासून बिअर करावयाची तर आधी पिष्टाची साखर करून घ्यावी लागते, आणि सारी कसोटी तेथेच आहे.

उमकोंबोथीच्या मिश्रणाचे मर्म आता लक्षात येईल. मका पिष्ट पुरवितो. तो स्वस्त आणि मुबलक. मोड आलेली ज्वारी ते पिष्ट फोडणारी पाचक द्रव्ये पुरविते, आणि आपला रंग व चवही देते. एक धान्य भांडवल आणते, दुसरे कसब आणते.

ज्वारीला मोड आणताना एक धोका मात्र सांभाळावा लागतो. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. ज्वारीच्या कोंबात सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते आणि ते मोडातही उतरते. दाणे वाळल्यावर मोड चोळून काढले आणि पुढे पीठ भिजवून चांगले उकळले, म्हणजे ते विष बहुतांशी निघून जाते. याच कारणासाठी ज्वारीचे मोड आपण मटकीसारखे कच्चे खाऊ नयेत.

चुलीवरचा पेच आणि त्याची उकल

आता प्रत्यक्ष कृती. मक्याचे भरड पीठ आणि ज्वारीच्या माल्टचे पीठ कोमट पाण्यात कालवून रात्रभर, थंडीत त्याहूनही अधिक काळ, झाकून ठेवतात. ते आंबते, बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो. आपल्या आंबिलीचे पीठ आंबते तसेच हे. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद येथे कामाला लागतात आणि आम्ल तयार करतात. मग हे सगळे चुलीवर चढवून, ढवळत ढवळत, दाट पेजेसारखे शिजवतात. शिजल्यावर ते मोठ्या भांड्यात ओतून निवू देतात. निवल्यावर त्यात ज्वारीच्या माल्टचे कच्चे पीठ पुन्हा मूठ-दोन मुठी घालतात आणि उबदार जागी झाकून ठेवतात. साधारण एका दिवसात ते फसफसू लागते. मग गवताच्या विणलेल्या लांबट गाळणीतून पिळून काढले, की बिअर तयार. प्रमाण घरोघर निराळे आणि प्रत्येक घराला आपल्या हाताचा अभिमान!

या कृतीत माल्ट दोनदा का घालावयाचे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जवाचे पिष्ट सुमारे 60 अंश सेल्सिअसला फुलते व मऊ होते, आणि त्या उष्णतेत जवाच्या माल्टमधील पाचक द्रव्ये तग धरून असतात. म्हणून युरोपातील बिअर करणारा दोन्ही कामे एकाच भांड्यात, एकाच वेळी उरकतो. मका व ज्वारी यांचे पिष्ट अधिक हट्टी. ते फुलण्यास 70 अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत पाचक द्रव्ये निकामी होऊ लागतात. पिष्ट उघडावे तर पाचक द्रव्य मरते. पाचक द्रव्य वाचवावे तर पिष्ट उघडत नाही. असा हा पेच आहे.

आफ्रिकेतील स्त्रियांनी तो कोणत्याही उष्णतामापकाशिवाय सोडविला. आधी शिजवावयाचे, मग निवू द्यावयाचे आणि निवल्यावर ताजे माल्ट घालावयाचे. या दुसऱ्या मुठीतून पाचक द्रव्येही येतात आणि दाण्याच्या सालीवर वस्तीला असलेले रानटी यीस्टही येते. पहिल्या आंबवणीतील आम्लाचेही मोल मोठे. युरोपात हॉपची फुले बिअरला नासण्यापासून राखतात. येथे हॉप नाही, तर ते राखणदारीचे काम आम्ल करते. रोगजंतूंना अशा आंबट द्रवात वाढणे कठीण जाते.

ही बिअर गढूळ असते, कारण तिच्यात न फुटलेले पिष्ट आणि धान्याचे कण तरंगत राहतात. मद्यार्क बेताचा, सामान्यतः शेकडा 3 च्या आसपास. यीस्टसकट प्यायली जात असल्यामुळे तिच्यात ब गटातील जीवनसत्त्वे असतात. ती दोन-तीन दिवसांत फार आंबून वाया जाते. साठवून ठेवण्याचा हा पदार्थच नव्हे. केली, की माणसे बोलवावयाची आणि संपवावयाची. झुलू घरात ती उखांबा नावाच्या काळ्या मातीच्या भांड्यात देतात. पाहुण्याला देण्याआधी यजमानाने एक घोट घ्यावयाचा, म्हणजे पेय निर्धोक असल्याची खात्री पटते. आणि पूर्वजांचा वाटा वेगळा काढून ठेवावयाचा. लग्न, नांगरट, श्राद्धासारखे विधी, सर्वांत तिला स्थान.

गुणांबरोबर दोषही सांगितला पाहिजे. पुढे मातीची भांडी जाऊन लोखंडी हंडे व पिंपे आली, तेव्हा आंबट द्रवात लोखंड विरघळू लागले. अशी बिअर वर्षानुवर्षे पिणाऱ्यांच्या यकृतात लोहाचा घातक साठा होतो, असे वैद्यकाला आढळून आले. म्हणजे कृती तीच राहून केवळ भांडे बदलले, तरी पेयाचा गुण बदलतो.

हंड्यातून तिजोरीत

येथवर विज्ञान झाले. आता राज्यकर्ते येतात.

बिअरमध्ये कोणते धान्य असावे हा प्रश्न निव्वळ चवीचा कधीच नसतो. 1516 साली बव्हेरियाच्या सत्ताधीशांनी फर्मान काढले, की बिअर केवळ जव, हॉप आणि पाणी यांचीच करावी. पुढे त्याच प्रदेशात गव्हाची बिअर करण्याचा मक्ता राजघराण्याने स्वतःकडे ठेवला आणि त्यातून रग्गड उत्पन्न काढले. सामान्यांना एक नियम आणि तिजोरीला दुसरा! दक्षिण आफ्रिकेत हाच न्याय वर्णभेदाच्या जोडीने आला, आणि म्हणून अधिक क्रूर ठरला.

डरबन हे नाताळ प्रांतातील बंदर. गोदीत व शहरात राबण्यासाठी आफ्रिकी पुरुष खेड्यांतून येत. त्यांच्यामागून स्त्रियाही आल्या. पण त्यांना काम कोठले? धुणीभांडी किंवा घरची बिअर करून विकणे. माहेरी शिकलेले कसब शहरात उपजीविकेचे साधन झाले. 1908 साली नाताळ सरकारने कायदा करून नगरपालिकांना आफ्रिकी बिअर करण्याचा व विकण्याचा मक्ता आपल्याकडे घेण्याची मुभा दिली. डरबनने ती ताबडतोब उचलली. नगरपालिकेने स्वतःची बिअर केली, स्वतःचे गुत्ते उघडले आणि स्त्रियांची घरगुती विक्री गुन्हा ठरली. गुत्त्यांच्या नफ्यातून आफ्रिकी मजुरांच्या बराकी बांधावयाच्या आणि त्यांच्यावर देखरेख करणारे खातेही चालवावयाचे, अशी ही योजना. ज्यांना बंधनात ठेवावयाचे त्यांच्याच पेल्यातून त्या बंधनाचा खर्च वसूल करावयाचा! ही पद्धत 'डरबन पद्धत' म्हणून प्रसिद्ध झाली, आणि 1923 च्या कायद्यानंतर इतर शहरांनाही ती वाट मोकळी झाली.

बंदीचा परिणाम काय झाला? घरची बिअर थांबली नाही, ती बिघडली. मका-ज्वारीच्या बिअरला चार-पाच दिवस लागतात, आणि पोलिसांची धाड केव्हा पडेल याचा नेम नाही. तेव्हा डबे जमिनीत पुरले जाऊ लागले आणि साखर, यीस्ट व कोमट पाणी यांच्यापासून एका दिवसात चढणारी स्कोकियानसारखी पेये निघाली. धान्याचे पोषण गेले, आम्लाची राखणदारी गेली, सौम्यपणा गेला. उरली ती नशा. बंदीने वाईट पेय हटवून चांगले आणले नाही, तर चांगले हटवून वाईट आणले.

केटो मॅनरच्या स्त्रिया

याविरुद्ध असंतोष धुमसत राहिला. 1929 साली डरबनच्या गोदी कामगारांनी नगरपालिकेच्या गुत्त्यांवर बहिष्कार टाकला. कामगार नेते ए. डब्ल्यू. जी. चँपियन यांची संघटना त्यात पुढे होती, आणि प्रकरण रक्तपातापर्यंत गेले. नाताळच्या लहान गावांत तर स्त्रियाच हातात काठ्या घेऊन गुत्त्यांवर चालून गेल्या.

तीस वर्षांनी तीच आग पुन्हा भडकली. डरबनजवळील केटो मॅनर ही दाट झोपड्यांची वस्ती. तेथील बरीचशी जमीन भारतीय बागायतदारांची, आणि भाडेकरू आफ्रिकी. या दोन समाजांतील ताण 1949 च्या दंगलीत भयंकर रीतीने प्रकट झाला होता. पुढे वर्णवार वस्त्यांच्या कायद्याखाली, 1958 पासून, ही वस्ती उठविण्यास सुरुवात झाली. अशा वेळी, जून 1959 मध्ये, नगरपालिकेची माणसे स्त्रियांनी केलेली बिअर शोधून ओतून टाकू लागली. 17 जूनला स्त्रियांचा जमाव सरकारी गुत्त्यात घुसला. त्यांनी पिणाऱ्या पुरुषांना हाकलून लावले आणि तेथली बिअर सांडली. दुसऱ्या दिवशी जमलेल्या स्त्रियांवर पोलिसांनी लाठ्या चालविल्या, आणि चळवळ नाताळभर पसरली. या लढ्यातील पुढाऱ्यांत डोरोथी न्येम्बे यांचे नाव घेतले जाते. त्यानंतर सात महिन्यांनी, जानेवारी 1960 मध्ये, त्याच वस्तीत दारूसाठी घातलेल्या धाडीच्या वेळी नऊ पोलीस जमावाच्या हातून मारले गेले. ज्या कायद्याला लोकांच्या मनात आधार नाही, तो दोन्ही बाजूंचे बळी घेतो.

स्वतः बिअर करणाऱ्या बायकांनी बिअर का सांडावी? यात विसंगती नाही. त्यांचे भांडण पेयाशी नव्हते. नवऱ्याची मजुरी सरकारी गुत्त्यात जाते आणि घरचा हंडा मात्र गुन्हा ठरतो, याविरुद्ध ते होते. 1976 साली सोवेटोच्या विद्यार्थ्यांच्या उठावातही सरकारी गुत्ते पेटविले गेले, त्यामागे हीच जाण होती.

आपल्याकडील इतिहासात याचे पडसाद सापडतात. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचे काम मोजक्या मक्तेदारांच्या हाती एकवटले, आणि 1892 च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आणले. पुढे 1922 साली पालघरच्या किनाऱ्याकडून सुरू झालेल्या देवीच्या चळवळीत हजारो आदिवासींनी दारूच सोडली आणि मक्तेदारांचे गुत्ते ओस पाडले. केटो मॅनरच्या स्त्रियांनी बिअर सांडली. येथील आदिवासींनी पिणे सोडले. मार्ग निराळे, पण आपल्या भांड्यावर दुसऱ्याची तिजोरी भरू द्यावयाची नाही, हा निर्धार एकच.

सारांश

पुढे काळ पालटला. सरकारी मक्ता 1990 च्या सुमारास खाजगी कंपनीकडे गेला आणि 1994 साली वर्णभेदी राज्यच संपले. आज दक्षिण आफ्रिकेत ज्वारीचे माल्ट दुकानांत पुड्यांतून मिळते, आणि लग्नकार्यात व पूर्वजांच्या विधीत उमकोंबोथी घरोघर होते. तिकडे नायजेरियाने 1988 साली बार्लीची आयात बंद केली, तेव्हा तेथील मोठमोठ्या कारखान्यांना देशी ज्वारी व मका यांकडे वळावे लागले. ज्वारीच्या माल्टची पाचक शक्ती जवापेक्षा उणी, म्हणून त्यांनी बाहेरून तयार एन्झाइम आणून घातले आणि नितळ बिअर ज्वारीपासूनही होते हे सिद्ध केले. अडाणी स्त्रियांचे पेय म्हणून जे हिणवले गेले, त्यातील धान्यांचा मेळ अखेर कारखानदारालाही शिकावा लागला.

आम्हांला यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. पहिली ही, की मिश्रण म्हणजे भेसळ नव्हे. प्रत्येक धान्याचा गुण ओळखून त्याला त्याचे काम देणे, हीच खरी पाककला, आणि ती शास्त्राच्या कसोटीला उतरते. आपल्याकडे ज्वारी, नाचणी व बाजरी यांना 'भरड' म्हणून खालचे आसन मिळाले. त्यांच्या अंगची करामत आपण नीटशी पाहिलेलीच नाही. दुसरी गोष्ट ही, की दारूबंदी असो वा दारूचा मक्ता, कायदा करणाराने स्वतःला विचारावे : हा कायदा माणसाचे व्यसन सोडविण्यासाठी आहे, की त्याच्या व्यसनावर आपली तिजोरी भरण्यासाठी? नगरपालिकेच्या गुत्त्यावर चालून गेलेल्या त्या स्त्रियांना या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही समितीने शिकविले नव्हते. रोज चुलीपुढे बसून, मजुरीचे पैसे घरी किती पोहोचतात ते मोजून, त्या ते शिकल्या होत्या.